कातरकामाचा तास

शाळेच्या महोत्सवानिमित्त शाळेबद्दल लिहायचं म्हटलं की मैदान, स्नेहसंमेलन, मधली सुट्टी हे सगळं बाकीचे लिहितीलच, मला लिहायचंय ते आमच्या कार्यानुभवाच्या सरांबद्दल आणि त्यांच्या कातरकामाच्या तासाबद्दल, कारण शाळेत शिकलेलं जे आजही रोज माझ्या हातात असतं ते हेच. मी घरीच गणपतीची मखरं आणि आकाशकंदील करते, सगळं कागदाचं. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली तेव्हापासून तर लोक स्वतःहून कागदाचं मखर मागतात.

सर कात्री लगेच हातात द्यायचेच नाहीत. आधी कागद बघा म्हणायचे, बोटांत धरा, दुमडा, कानाशी फडफडवा, मग सांगा हा कशाने कापायचा. तेव्हा जीएसएम, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, वगैरे शब्द आम्हाला माहीतही नव्हते, पण ते शिकवत होते ते तेच. झेरॉक्सचा कागद ७०-८० जीएसएमचा, तो कात्रीने छान कापला जातो, घोटीव कागदही तसाच. कार्डशीट २०० च्या पुढे गेलं की कात्रीने त्याची कड दबते आणि वळणावर टोकं टोकं दिसतात, तिथे कटरच हवा. आणि पतंगी कागद सगळ्यात नाजूक, एकेरी कापायला घेतला की पात्यांमध्ये ओढला जातो, म्हणून सर तो वर्तमानपत्राच्या दोन कागदांमध्ये ठेवून कडेने स्टेपल मारायचे आणि तिन्ही एकदम कापायला लावायचे. कंदिलाच्या झिरमिळ्या मी अजूनही अशाच कापते.

घड्यांचंही तसंच. तीन घड्या घातल्या की आठ पदर होतात, चौथी घातली की सोळा, आणि सोळा पदर कात्रीत धरले की बाहेरचे सरकतात, मग फूल उघडल्यावर एक पाकळी जाड एक बारीक. सरांचा नियम होता, घोटीव कागदाला तीनच घड्या.

शाळेच्या लोखंडी कपाटात पितळी मुठीच्या मेरठच्या कात्र्या होत्या. मेरठच्या कात्र्यांना २०१३ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळाल्याचं वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा ते कपाट आठवलं. या कात्र्या पुन्हा पुन्हा धार लावून वापरता येतात, दारावर धारवाला आला की सर सगळ्या एकदम खाली पाठवायचे, आणि परत आल्या की प्रत्येकीचा स्क्रू स्वतः बघायचे कारण स्क्रू सैल असला की पातळ कागद कापला जात नाही, पात्यांमध्ये नुसता दुमडतो. शिवणाच्या कात्रीने कागद कापायला तर सक्त मनाई. ते काही शिवणाच्या बाईंचं मन राखायला नाही हो, कागदात चुनखडी नाहीतर चिनी माती मिसळलेली असते आणि तिने पात्याची धार लवकर जाते. गोल कापताना कात्री जागच्या जागी ठेवायची आणि दुसऱ्या हाताने कागद फिरवायचा, पाती टोकापर्यंत मिटवायची नाहीत, मिटवली की तिथे खाच पडते. हे वाक्य सरांनी किती वेळा म्हटलं असेल देव जाणे, पण आज माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना मी पहिलं हेच सांगते.

आमच्या वर्गात एक डावरी मुलगी होती. तिचं कातरकाम नेहमी रेषेच्या बाहेर जायचं आणि बाकी सगळे म्हणायचे हिचा हातच वळत नाही. सरांनी नुसतं बघून ओळखलं की दोष कात्रीचा आहे. उजव्या हाताची कात्री डाव्या हातात धरली की दाबाने पाती एकमेकांपासून लांब जातात आणि वरच्या पात्याआड रेषा दिसत नाही. त्यांनी कुठूनतरी डावऱ्या हाताची कात्री शोधून आणली, पाती उलटी बसवलेली. त्या वर्षी प्रदर्शनात तिचं मोराचं कातरकाम लागलं होतं. मला सरांचं सगळ्यात मोठं काम हेच वाटतं.

कटर मात्र नववीत मिळाला. बोथट टोक मोडून टाकायचा हा कटर जपानमध्ये १९५६ साली ओकादा नावाच्या माणसाने शोधला, काचेच्या तुकड्यांची धार आणि चॉकलेटच्या वडीवरचे खाचे यावरून त्याला ते सुचलं. कागदासाठी ९ मिलिमीटरचं पातं पुरतं, १८ चं पुठ्ठ्यासाठी. पट्टी स्टीलचीच, प्लॅस्टिकची पट्टी कटर खातो. एकदाच जोर लावण्यापेक्षा त्याच रेषेवरून दोन-तीनदा हलका हात फिरवायचा, आतली नक्षी आधी कापायची आणि बाहेरची कड सगळ्यात शेवटी, नाहीतर धरायला कागदच राहत नाही. मोडलेली टोकं सर पत्र्याच्या डबीत ठेवायचे, कचऱ्यात कधीच नाही. तेव्हा खाली जाड पुठ्ठा असायचा, आता कटिंग मॅट मिळते, ए३ ची घ्या, ए४ लहान पडते. अगदी बारीक जाळीला मी मेडिकलमधलं ११ नंबरचं सर्जिकल ब्लेड ३ नंबरच्या हँडलला लावते.

डिझाईन पंच, म्हणजे दाबून कागदातून ठरावीक आकार कापणारे, भरमसाट घेऊ नका असं माझं मत, गोल आणि कोपऱ्याचा एवढे दोन खूप झाले. कटिंग मशीन एकसारखे शंभर तुकडे हवे असतील तर उत्तमच, पण तिच्या चिकट मॅटवरून पतंगी कागद काढताना फाटतो, तिथे हातच लागतो.

महोत्सवाच्या कमानीचं कागदकाम आमच्या बॅचने घेतलंय. कटरचं काम आम्ही मोठे करू, पाचवी ते सातवीच्या मुलांना झिरमिळ्या आणि फुलं द्यायची आहेत, कार्डशीट आणि पतंगी कागद आणून ठेवलाय. डावऱ्या मुलांसाठी वेगळ्या कात्र्या घेतल्यात, वर्गशिक्षकांनी अशा मुलांची नावं आधी कळवली तर बरं होईल.