हजेरी कोणी घेतलीच नाही

गेल्या मंगळवारी मी माझ्याच उत्तरपत्रिकेसमोर पंधरा मिनिटे बसून आले. जर्मनीतील विद्यापीठांत निकाल लागल्यानंतर तपासलेली उत्तरपत्रिका प्रत्यक्ष पाहण्याची सोय असते आणि तिला 'आइनझिष्ट' म्हणतात. ओळखपत्र दाखवायचे, मोबाइल पिशवीत ठेवायचा, नेमून दिलेल्या बाकावर बसायचे आणि लाल शाईतील शेरे वाचायचे. आपल्याकडे फोटोकॉपीसाठी अर्ज, त्याचे शुल्क, मग रिव्हॅल्युएशनचा वेगळा अर्ज आणि त्याचे वेगळे शुल्क हे सगळे मी दोनदा केलेले असल्यामुळे, ही फुकटची सोय पाहून आधी कौतुक वाटले. ते पहिले पान उलटेपर्यंत टिकले. ९० पैकी ३४ गुण होते आणि उत्तीर्ण होण्यासाठी ४५ हवे होते.

विषय कोणता, हे सांगायला मला लाज वाटते, म्हणून ते लवकर सांगून टाकते. विषय होता प्रोग्रॅमिंगची ओळख. पदवीच्या पहिल्या सत्राचा, अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलामुलींसाठी असलेला. मी पंचवीस वर्षांची, सांगलीजवळच्या एका कॉलेजातून मेकॅनिकलची पदवी घेतलेली आणि इथे पदव्युत्तर शिक्षणासाठी आलेली. प्रवेशपत्रासोबत मला एक 'आउफ्लागे' मिळाली होती. मूळ पदवीत एखाद्या पायाभूत विषयाची कमतरता आहे असे प्रवेश समितीला वाटले, तर ती तो विषय इथल्या पदवीच्या वर्गात बसून ठरावीक मुदतीत उत्तीर्ण होण्याची अट घालते. ती अट वाचून मी चिडलेच होते. मी पहिल्या वर्षी सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकले होते. टर्बो सीची ती निळी खिडकी, ते क्लिअरस्क्रीन, ते गेटसीएच, ताऱ्यांचे पिरॅमिड, पॅलिंड्रोम आणि आर्मस्ट्राँग संख्या, सगळे पाठ होते. व्हेरिएबल म्हणजे काय, हे मला आता या मुलांबरोबर बसून ऐकायचे होते!

ऐकलेही, पण तीनच आठवडे. तास मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी आठला असे. इथे आठ म्हणजे सव्वाआठ. वेळापत्रकात आठच्या पुढे दोन लॅटिन अक्षरे असतात आणि त्यांचा अर्थ पंधरा मिनिटांची सवलत असा होतो. ते ठाऊक नसल्याने पहिल्या दिवशी मी पावणेआठलाच रिकाम्या सभागृहात जाऊन बसले होते. तास संपला की सगळे बोटांच्या पेरांनी बाकावर टकटक करतात, टाळ्या वाजवत नाहीत. पहिल्या तीन आठवड्यांत चल (म्हणजे व्हेरिएबल), अट, लूप, अॅरे एवढेच झाले आणि मी मनातल्या मनात पुढची ओळ आधीच म्हणत होते. सोमवारी आणि बुधवारी मी पार्सलच्या गोदामात संध्याकाळची पाळी करते. खोलीवर पोहोचेपर्यंत बारा वाजतात. नोव्हेंबरच्या अखेरीस इथे सकाळी आठ वाजतादेखील पुरता उजेड झालेला नसतो. स्लाइड्स तासाआधीच संकेतस्थळावर चढवलेल्या असतात. शिवाय इथे व्याख्यानाला जो शब्द आहे, 'फोरलेझुंग', त्याचा मूळ अर्थच मोठ्याने वाचून दाखवणे असा आहे. वाचायचेच असेल तर मी माझ्या खोलीत रजईत बसून वाचू शकते, असा युक्तिवाद मी स्वतःशी केला, आणि तो मला त्या वेळी फार बिनतोड वाटला. भाषा जर्मन होती आणि माझे जर्मन बी-वन, म्हणजे मध्यम पातळीचे होते, हाही मुद्दा मी जोडून घेतला. सत्रातील अठ्ठावीस तासांपैकी मी एकूण सात तासांना बसले.

आणि कोणी काहीही म्हटले नाही. हा लेख खरे तर एवढ्याच एका गोष्टीबद्दल आहे, कारण ती मला अजून पचलेली नाही.

पंचाहत्तर टक्के हजेरी म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. महिन्याअखेरीस सूचनाफलकावर लागणारी डिफॉल्टर्सची यादी, तिच्यात आपले नाव शोधताना पोटात येणारा गोळा, घरी जाणारे पत्र, बाबांना घेऊन एचओडींच्या केबिनबाहेर उभे राहणे, फॅमिली डॉक्टरांकडून आणलेले कावीळ झाल्याचे प्रमाणपत्र, आणि शेवटी सबमिशनच्या आठवड्यात एकेका सहीसाठी घातलेल्या फेऱ्या. मैत्रिणीची प्रॉक्सी लावताना आवाज बदलण्याची कला मला तिसऱ्या सत्रातच साधली होती. त्या सगळ्याचा मी चार वर्षे मनापासून तिरस्कार केला. सज्ञान माणसांना गुरांसारखे मोजतात, असे मी स्नेहसंमेलनाच्या वादविवाद स्पर्धेत म्हटले होते आणि दुसरे बक्षीसही मिळवले होते.

इथे मात्र व्याख्यानाची हजेरी नाहीच. मी राहते त्या नॉर्थ राइन-वेस्टफालिया राज्यात तर २०१४ च्या उच्चशिक्षण कायद्याने बहुतेक अभ्यासक्रमांसाठी हजेरी सक्तीची करण्यासच मनाई केली होती. अभ्याससहली, भाषावर्ग, प्रात्यक्षिके अशांना तेवढी सूट होती. २०१९ मध्ये ती मनाई उठवून निर्णय विद्यापीठांवर सोपवण्यात आला, त्यावरही विद्यार्थी संघटनांनी विरोध केला. म्हणजे मी चार वर्षे ज्या गोष्टीसाठी तक्रार करत होते, ती इथे कायद्यात लिहिलेली होती. पहिल्या महिन्यात मी घरी फोन करून हे मोठ्या अभिमानाने सांगितले, जणू तो कायदा मीच करून घेतला होता.

परंतु चारशे आसनांच्या सभागृहात माझी जागा रिकामी आहे हे कोणालाही जाणवत नाही, याचा अर्थ मला डिसेंबरात कळू लागला. प्राध्यापकांना माझे नाव माहीत नव्हते. घरी पत्र जाणार नव्हते. आणि पैशांचाही धाक नव्हता, कारण या राज्यात २०११-१२ च्या हिवाळी सत्रापासून शिक्षणशुल्कच नाही. सत्राला सुमारे तीनशे युरो भरायचे, त्यातही बराच भाग रेल्वे-बसच्या पासाचा असतो. कॉलेजात असताना आम्ही वार्षिक फी भागिले तासांची संख्या असा हिशेब करून 'आज बाबांचे इतके रुपये बुडाले' असे एकमेकींना ऐकवत असू. इथे भागाकार केला तर उत्तर जवळजवळ शून्य येते. एखाद्याने मला हाक मारून 'का येत नाहीस' एवढे विचारले असते, तर मी गेले असते असे मला अजूनही वाटते. हा बचाव लंगडा आहे हे मला समजते, तरी तो मागे घेण्याची माझी तयारी नाही. ज्याला एकोणीस वर्षे हाताला धरून चालवले, त्याचा हात विमानतळावर एकदम सोडला तर तो काही पावले तिरका चालणारच.

आता पाचव्या आठवड्याविषयी. दर सोमवारी दुपारी बारापर्यंत जोडीने सोडवलेला स्वाध्याय चढवायचा असे आणि या स्वाध्यायांत एकूण निम्मे गुण मिळाल्याशिवाय परीक्षेला बसता येत नसे. हजेरी नसली तरी हा फास होता. माझी जोडीदारीण एकोणीस वर्षांची, शिस्तीची, अबोल मुलगी. ती चलांना 'आनझाल', 'त्सेलर' अशी जर्मन नावे देई आणि मी इंग्रजी, त्यामुळे आमचा कोड भेसळीच्या दुधासारखा दिसे. त्या आठवड्यात मी लिहिलेला भाग दोन याद्यांतील आकडे सारखे आहेत का ते तपासत होता. प्रोग्रॅमिंगची भाषा जावा होती. मी शंभरपर्यंतचे आकडे घालून तो चालवला, उत्तरे बरोबर आली. विद्यापीठाच्या सर्व्हरने हजाराचे आकडे घातले आणि तोच कोड नापास झाला. मी तीन तास सर्व्हरला दोष दिला, आणि मग ट्यूटरला एक आगाऊ ईमेल लिहून तुमची चाचणी सदोष आहे असे कळवले.

चूक माझी होती. सीमध्ये आकडा म्हणजे आकडा, दोन बरोबरची चिन्हे टाकली की तुलना झाली. जावामध्ये यादीत ठेवलेला आकडा ही एक वस्तू असते, आणि ती दोन चिन्हे दोन आकडे सारखे आहेत का हे विचारत नाहीत, तर दोन्ही नावे एकाच वस्तूची आहेत का हे विचारतात. उणे १२८ ते १२७ या लहान आकड्यांच्या वस्तू जावा आधीच तयार करून ठेवते आणि पुन्हा पुन्हा त्याच वापरते, म्हणून शंभरपर्यंत माझे नशीब साथ देत होते. त्यापुढे प्रत्येक हजार वेगळा होता. स्लाइडवर या विषयाची एकच ओळ होती, तीही मी वाचली होती. जोडीदारणीने सांगितले की तासाला प्राध्यापकांनी दोन अगदी एकसारखे पांढरे मग आणले होते, एकात कॉफी ओतली, दुसरा रिकामा ठेवला, आणि वीस मिनिटे केवळ 'सारखे' आणि 'तेच' यांतला फरक दाखवला. मराठीत हे शब्द मला जन्मापासून ठाऊक आहेत. तो तास झाला तेव्हा मी झोपले होते.

तिथून पुढे गळती लागली. ऑब्जेक्ट, म्हणजे याच वस्तू, कळले नाहीत म्हणून वारसा (एका प्रकारच्या वस्तूचे गुण दुसऱ्या प्रकाराला मिळणे) कळला नाही, तो कळला नाही म्हणून इंटरफेस कळले नाहीत. इतर विषयांत शेवटच्या रात्री आठवड्याभराचा भाग उरकण्याचा आपला हातखंडा असतो, आणि त्याचा मला अजूनही अभिमान आहे. टेकमॅक्सच्या पुस्तकावर आणि तीन कप चहावर मी थर्मोडायनॅमिक्स काढले आहे. पण इथे मागचे पान आले नाही तर पुढचे पान पाठही होत नाही.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात स्वाध्यायाच्या वर्गात ट्यूटरने मला फळ्याजवळ बोलावले. आमच्या नावावर जमा झालेला रिकर्शनचा कोड, झाडासारख्या रचनेच्या फांद्यांवरील आकड्यांची बेरीज करणारा, मला समजावून सांगायचा होता. तो जोडीदारणीने लिहिला होता. मी त्याला टिपा जोडल्या होत्या. मी म्हटले की हे फंक्शन स्वतःलाच बोलावते, आणि मग पुढे शब्द सुचेनात. आपल्याकडे अशा वेळी निदान ओरडा बसतो, वर्ग हसतो आणि प्रसंग संपतो. तो मुलगा, माझ्याहून तीनेक वर्षांनी लहान, शांतपणे वाट पाहत राहिला. ती शांतता कोणत्याही ओरड्यापेक्षा जड होती. वर्ग संपल्यावर तो पाऊण तास थांबला, माझ्या त्या ईमेलचा उल्लेखही केला नाही, आणि मला विचारले की तुला आधी कसे शिकवले होते. मी त्याला ड्राय रन करून दाखवला: कागदावर रकाने आखून ओळीओळीला प्रत्येक चलाची किंमत लिहिण्याची आमच्या मॅडमची पद्धत. त्याला ती फार आवडली. मग त्याने एकाच रकान्याऐवजी प्रत्येक हाकेसाठी नवी चिठ्ठी घ्यायला आणि ती आधीच्या चिठ्ठीवर ठेवायला सांगितले. सगळ्यात वरची चिठ्ठी संपली की ती उचलायची, तिचे उत्तर खालच्या चिठ्ठीवर लिहायचे. अकरा चिठ्ठ्यांनंतर खाली बेरीज आली.

म्हणून फेब्रुवारीतील परीक्षेत रिकर्शनच्या प्रश्नाला मला पूर्ण गुण मिळाले. परीक्षा कागदावर होती, नव्वद मिनिटे पेनाने कोड लिहायचा. लॅपटॉपने लाल अधोरेखा काढल्याशिवाय अर्धविराम न सापडणारी इथली मुले त्यावर नाराज होती, आणि मी मनातून सुखावले होते, कारण प्रोग्रॅम कागदावर लिहिण्यात आपला हात कोण धरणार? स्वाध्यायांचे त्रेपन्न टक्के कसेबसे जमले होते. पण बाकीची पाने इंटरफेस आणि वारसा यांची होती, आणि त्यांवर मी जे लिहिले ते सी होते, जावाचे कपडे घातलेले. तिसऱ्या पानावर मजकुरांची तुलना करताना मी पुन्हा तीच दोन चिन्हे टाकली होती. त्यांच्याभोवती लाल वर्तुळ होते आणि शेजारी कोणीतरी एक छोटा मग काढला होता.

या विषयाला एकूण तीन संधी असतात. तिसरीही हुकली तर अंतिम नापास, आणि माझ्या बाबतीत अट पूर्ण न झाल्याने मूळ प्रवेशच जातो. एटीकेटी मागे ओढत पुढच्या वर्षात जाण्याची आपली पद्धत कितीही हसण्यासारखी असली, तरी ती माणसाला रस्त्याच्या कडेला सोडत नाही, एवढे मी म्हणेन. दुसरी संधी तीन आठवड्यांवर आहे. जोडीदारणीने तिच्या वहीची छायाचित्रे पाठवली आहेत आणि सोबत एक वाक्य लिहिले आहे की ती यांतले समजावून सांगणार नाही, आधी मी प्रयत्न करावा.

निकाल लागला त्या दिवशी बाबांनी फोनवर गुण विचारले होते. इथे १.० सर्वोत्तम आणि ४.० काठावर उत्तीर्ण. मी म्हटले, ५.०. ते क्षणभर थांबून म्हणाले, "दहापैकी पाच? चला, निघाला ना विषय." मी काहीच बोलले नाही. उत्तरपत्रिका पाहून आल्यावर मात्र रविवारी फोन करून खरे काय ते सांगितले. सकाळची झोप, गोदामाची पाळी, अठ्ठावीसपैकी सात तास, सगळेच. ते रागावले नाहीत. त्यांनी मनाशी काहीतरी हिशेब केला असावा, कारण बऱ्याच वेळाने त्यांनी एवढेच विचारले, "म्हणजे पंचवीस टक्के. मग परीक्षेला बसू कसं दिलं तुला?"