स्नायू सुटेचना

स्कोलिन हे स्नायू सैल करणारं औषध दिलं की जबडा सैल पडतो. आम्हा भूलतज्ज्ञांच्या हाताला ते इतकं सवयीचं असतं की त्याकडे लक्षही जात नाही. त्या दुपारी मात्र जबडा घट्ट मिटला. मोटरसायकलवरून पडून दंडाचं हाड मोडलेला 19 वर्षांचा मुलगा, अंगापिंडाने धडधाकट. ‘घरात कुणाला भुलेचा त्रास?’ या प्रश्नाला आईवडील दोघेही ‘नाही’ म्हणाले होते.

श्वासाची नळी कशीबशी गेली. सेव्होफ्लुरेन हा भुलेचा वायू सुरू झाला आणि थोड्याच वेळात श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा आकडा 38 वरून चढू लागला. व्हेंटिलेटरचा वेग वाढवला तरी 55, मग 70. नाडी 150. श्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या सोडा लाइमच्या डब्याला हात लावला तर तो चांगलाच तापलेला. चादरीखालून मांडी दाबून पाहिली, बोट रुतेना. ताप अजून फारसा नव्हता, पण त्याची वाट बघण्यात अर्थ नव्हता. ‘मॅलिग्नंट हायपरथर्मिया. वायू बंद, डँट्रोलिन मागवा, बर्फ आणा.’ भुलेच्या काही औषधांनी स्नायू आखडून अंग तापत जातं असा हा आनुवंशिक, जीवघेणा विकार; डँट्रोलिन हा त्यावरचा उतारा.

सर्जननी विचारलं, ‘स्नायू सैल करायला आणखी रिलॅक्संट देऊन बघायचं का?’ रास्त प्रश्न होता. पण ती औषधं मज्जातंतूचा निरोप स्नायूच्या दारात अडवतात आणि इथला बिघाड दाराच्या आत होता. स्नायूपेशीत कॅल्शियमचा साठा असतो. तो सुटला की अ‍ॅक्टिनच्या धाग्यावरचं झाकण सरकतं आणि मायोसिन या दुसऱ्या प्रथिनाची डोकी त्याला पकडून ओढतात, रस्सीखेचीत हात बदलत दोर ओढावा तशी. एका ओढीत धागा सरकतो जेमतेम 5 ते 10 नॅनोमीटर. पकड सोडवायला मात्र दर वेळी एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, नवा रेणू लागतो. सांडलेलं कॅल्शियम परत भरायलाही एटीपीच. या मुलाच्या पेशींत कॅल्शियमचं दार भुलेच्या वायूने उघडं पडलं होतं. स्नायू अखंड ओढत होते, इंधन जाळत होते, त्यातून उष्णता आणि कार्बन डायऑक्साइड निघत होता. एटीपी संपलं की मायोसिन अ‍ॅक्टिनला धरूनच बसतो. मेल्यावर प्रेत ताठरतं ते यामुळेच. हे सगळं जिवंत माणसात, माझ्या हाताखाली घडत होतं.

डँट्रोलिन आमच्याकडे नव्हतं. शहरातल्या दुसऱ्या एका हॉस्पिटलमधून आणायला माणूस धावला. तोवर शुद्ध ऑक्सिजन, गार सलाइन, काखेत-जांघेत बर्फ, रक्तातलं वाढलेलं पोटॅशियम उतरवायला इन्शुलिन-ग्लुकोज. ताप 40 अंश सेल्सियसच्या वर गेला. डँट्रोलिन आलं. वजन 56 किलो, किलोमागे अडीच मिलिग्रॅम, म्हणजे 140 मिलिग्रॅम. एका कुपीत फक्त 20, आणि ती भुकटी 60 मिली पाण्यात विरघळता विरघळत नाही. सिस्टर, वॉर्डबॉय, सर्जन, जो दिसला त्याच्या हातात कुपी दिली आणि हलवायला लावली.

पहिला डोस पूर्ण गेल्यावर आकडा उतरायला लागला. 80, 71, 60. मी मांडीवरचा हात काढला नव्हता; ती हळूहळू मऊ होत गेली. पिशवीतली लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची होती, फुटलेल्या स्नायूंतलं मायोग्लोबिन हे प्रथिन त्यात उतरलं होतं, आणि ते मूत्रपिंडांना घातक. पुढची लढाई मूत्रपिंडांची होती. आयसीयूत तीही तो जिंकला.

दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, ‘डॉक्टर, माझा थोरला भाऊ लहानपणीच ऑपरेशनच्या टेबलावर गेला. ताप डोक्यात गेला म्हणाले. म्हणून काल सांगितलं नाही.’ तिचं चुकलं नव्हतं. तिला कुणी समजावलंच नव्हतं. 1960 साली मेलबर्नमध्ये डेनबरो आणि लव्हेल यांनी या आजाराची पहिली नोंद केली, तीही अशाच घराण्यामुळे. पाय मोडलेल्या 21 वर्षांच्या त्या तरुणाला पायापेक्षा भुलेची धास्ती होती, कारण त्याचे 10 नातेवाईक ईथरनंतर दगावले होते.

आईवडिलांपैकी एकाकडून हा दोष अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून त्या माउलीला माहेरच्या सगळ्यांची नावं लिहून काढायला लावली. प्रत्येकासाठी मराठीत चिठ्ठी केली: स्कोलिन नको, भुलेचा वायू नको, पाठीतली भूल किंवा शिरेतून दिलेलं प्रोपोफॉल चालेल. तिच्या धाकट्या बहिणीच्या मुलाचं हर्नियाचं ऑपरेशन पुढच्याच आठवड्यात ठरलं होतं. मी तिच्यासमोरच त्याच्या डॉक्टरांना फोन लावला.