हात न लागताही चिकट झालेले स्टिअरिंग

जुन्या मोटारींच्या आतल्या भागांची दुरुस्ती हे माझे काम असल्यामुळे चिकट स्टिअरिंगची तक्रार माझ्याकडे सतत येते, परंतु त्या दिवशी आलेल्या गाडीच्या मालकांनी जे सांगितले त्याने मी थबकलो. गाडी कित्येक वर्षे बंद गॅरेजमध्ये झाकून ठेवलेली होती, अधूनमधून इंजिन चालू करण्यापलीकडे तिचा वापर नव्हता, आणि तरीही स्टिअरिंग इतके चिकट झाले होते की वळण पूर्ण झाल्यावर तळहात त्यावरून सुटतच नसे. "कोणी हातच लावला नाही, मग मळ आला कुठून?" असे ते पुन्हा पुन्हा विचारत होते. प्रश्न अगदी रास्त होता.

चिकटपणा ही केवळ किळस येण्याची बाब नाही, हे येथे सांगितले पाहिजे. वळणानंतर पुढची चाके सरळ होऊ लागली की स्टिअरिंग आपोआप मागे फिरते आणि चालकाला ते हातांतून हलकेच सरकू द्यावे लागते. ते हाताला धरून राहिले, तर गाडी सरळ होण्यास उशीर होतो. उलट चकाकी आणणारे सिलिकॉनचे द्रव त्यावर चोळले तर ते हातातून निसटते, आणि हे त्याहूनही वाईट. म्हणून स्टिअरिंगवर असले द्रव मी कधीच लावत नाही, आणि कोणी लावून आणले तर आधी ते पूर्ण काढतो.

रोज वापरातल्या गाडीत बहुधा घाम, त्वचेचे तेल, हाताला लावलेले क्रीम आणि धूळ यांचा थर साचलेला असतो. कोमट पाण्यात थोडा सौम्य साबण घालून मऊ ब्रशने घासले आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसले, की हा थर निघतो, फडके तपकिरी होते आणि खालचा पृष्ठभाग कोरडा लागतो. या गाडीत मात्र ती तपासणी करण्याआधी एक अडथळा होता. चिकटपणा लपवण्यासाठी मालकांनी काही वर्षांपूर्वी दोरीने ओवून बसवायचे रेक्झिनचे कव्हर त्यावर चढवले होते. दोरी कापली तरी कव्हर सुटेना. धारदार पाते कडेने सावकाश फिरवत मी ते बोटभर रुंदीच्या पट्ट्यांनी सोलत गेलो, आणि खाली जे दिसले ते मी तसेच मालकांना दाखवले: कव्हरच्या शिवणीचा टाका न् टाका स्टिअरिंगच्या मऊ पडलेल्या काळ्या पृष्ठभागावर उमटला होता. अंगठ्याचे नख टेकवले तर त्याची खूणही तशीच राहत होती, भरून येत नव्हती.

पांढऱ्या फडक्यावर साबणाचे पाणी घेऊन मागच्या बाजूचा, सहज न दिसणारा एक तुकडा मी पुसला. फडके तपकिरी न होता काळे झाले, आणि पाणी वाळताच ती जागा पुन्हा पहिल्यासारखीच चिकट झाली. म्हणजे वरचा मळ हा प्रश्नच नव्हता. खुद्द पदार्थच विरघळू लागला होता.

मालकांच्या प्रश्नाचे उत्तर तिथेच होते. अशा स्टिअरिंगमध्ये धातूच्या सांगाड्याभोवती पॉलियुरेथेनचा फोम ओतलेला असतो आणि त्याचीच बाहेरची दाट साल आपल्या हाताला लागते. पॉलियुरेथेनचे काही प्रकार पॉलिएस्टरवर आधारलेले असतात, आणि हवेतल्या ओलाव्याने त्यांच्या रेणूंमधले एस्टरचे बंध तुटत जातात. या जलअपघटनात आम्ल तयार होते आणि ते आम्ल पुढची मोडतोड आणखी वेगाने घडवते, म्हणून बरीच वर्षे ठीक दिसणारी वस्तू एकदा बिघडू लागली की भराभर बिघडते. पॉलिइथरवर आधारलेले प्रकार याबाबतीत पुष्कळ टिकाऊ असतात. दमट, बंद गॅरेजमध्ये उभ्या गाडीला कोणी हात लावो वा न लावो, हवेतला ओलावा आपले काम करतच असतो. त्यात कव्हरखाली ओल अडकून राहिली आणि रेक्झिनला मऊ ठेवणारी तेलकट द्रव्ये हळूहळू खालच्या थरात उतरली. गाडी जपण्यासाठी केलेल्या दोन्ही गोष्टींनी नुकसान वाढवले, हे ऐकताना त्यांचा चेहरा उतरला, आणि मलाही ते सांगणे सोपे गेले नाही.

त्यांनी सोबत थिनरची बाटली आणली होती. ती मी उघडू दिली नाही. कठीण प्लास्टिकवर दिलेला मऊ स्पर्शाचा रंग चिकट झाला असेल, तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो रंग उतरवता येतो आणि खालचे प्लास्टिक शाबूत मिळते. पण येथे खाली फोमच होता, आणि थिनर किंवा ॲसिटोन त्यात शिरून तो आणखी मऊ करतात. नवे चामडे थेट त्यावर चढवणेही धोक्याचे होते, कारण चिकटवलेला थर खालच्या सडक्या सालीसकट सुटतो आणि ऐन वळणावर चामडे सांगाड्याभोवती फिरू शकते.

म्हणून स्टिअरिंग उतरवायचे ठरले. गाडीत एअरबॅग असल्यामुळे मी इग्निशन बंद करून बॅटरीची ऋण तार सोडली आणि यंत्रणेत साठलेली वीज उतरण्यासाठी त्या गाडीच्या कार्यपुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबलो. या थांबण्यात कोणीही घाई करू नये. काढलेली एअरबॅग तोंड वर करून बाजूला ठेवली, पुढची चाके सरळ असल्याची खात्री केली, दांडा आणि स्टिअरिंग यांवर जुळणाऱ्या खुणा केल्या. मधला नट पूर्ण न काढता काही आट्यांवर तसाच ठेवला, कारण घट्ट बसलेले स्टिअरिंग अचानक सुटले तर ते थेट तोंडावर येते. मागची क्लॉक स्प्रिंग, म्हणजे स्टिअरिंग फिरत असतानाही एअरबॅगशी विजेची जोडणी टिकवणारी गुंडाळलेली पट्टी, फिरू नये म्हणून ती लगेच चिकटपट्टीने बांधली. ती जागची हलली, तर नंतर एखाद्या पूर्ण वळणावर तिच्यातली पट्टी तुटते.

कामाच्या मेजावर खरी परिस्थिती कळली. काचेतून ऊन पडणारा वरचा भाग सर्वांत खोल बिघडला होता, खालचा अर्धा भाग त्या मानाने बरा होता. वाळूकागद लावला असता तर तो क्षणात भरून गेला असता, त्यामुळे प्लास्टिकच्या बोथट पात्याने मी मऊ थर खरवडत गेलो, पाते दर वेळी पुसत, जोपर्यंत खरवडलेला चुरा लोण्यासारखा न येता कोरडा पडू लागत नाही तोपर्यंत. सुदैवाने वरच्या बाजूलाही खाली निकोप फोम लागला. तो लागला नसता, तर त्याच गाडीचे चांगले स्टिअरिंग शोधण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता, आणि तसे मी मालकांना आधीच बजावले होते. मग तो भाग पूर्ण वाळू दिला, खड्ड्यांत दोन घटक मिसळून बनणारे, लवचीक राहणारे भरण भरले, ते कडक झाल्यावर घासून गोलाई एकसारखी केली. डोळ्यांनी न दिसणारा उंचवटा बोटांना लागतो, म्हणून हे शेवटचे घासणे मी डोळे मिटूनच करतो.

त्यानंतर एक मिलिमीटरच्या आसपास जाडीचे चामडे मापाने कापून, दोन्ही कडा आतल्या बाजूला आणून दोन सुयांनी हाताने शिवले. टाका ओढताना ताण सर्वत्र सारखा लागतो. कुठे सैल पडला तर चामडे पुढे तिथेच सुरकुतते. स्टिअरिंग खुणांवर बसवले, नट टॉर्क रेंचने पुस्तिकेतल्या मापाला आवळला, एअरबॅग जोडली आणि बॅटरी सर्वांत शेवटी. इग्निशन चालू करताच एअरबॅगचा दिवा पेटून नियमाप्रमाणे विझला.

मालकांनी फेरी मारून आल्यावर विचारले की हेही पुन्हा तसेच होईल का. चामड्यावरचा संरक्षक थरही बहुधा पॉलियुरेथेनचाच असतो, त्यामुळे कधीच होणार नाही असे मी म्हणालो नाही. गॅरेजमध्ये हवा खेळती ठेवा, उन्हात उभी असताना काचेवर आडोसा लावा, ओलसर फडक्याने पुसून लगेच कोरडे करा, हात सॅनिटायझरने ओले असताना स्टिअरिंग धरू नका, आणि यावर कोणतेही कव्हर चढवू नका, एवढे त्यांना सांगितले. शेवटची सूचना त्यांनी दोनदा विचारून घेतली.