अंदाजापासून वजनकाट्यापर्यंत : आमची वाटचाल

व्यवसाय कधी सुरू केला, असं कुणी विचारलं की मी २०११ सांगते आणि आमचे हे १९९८ सांगतात. दोघांचंही खरंच आहे. भरिताचे पैसे पहिल्यांदा घेतले ते २०११ साली. पण जळगावहून वांग्यांचं पोतं आमच्या चिंचवडच्या घरी पहिल्यांदा आलं ते लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात, म्हणजे ९८ साली.

माझं माहेर यावल तालुक्यातलं. आमच्याकडे चातुर्मासात वांगं वर्ज्य. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की मोकळीक. मग थंडी सरेपर्यंत दर आठवड्याला कुणाच्या ना कुणाच्या मळ्यात भरीत पार्टी. तुराट्या-पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजायची, सोललेला गर लाकडी बडगीत ठेचायचा, त्यात हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात आणि हात न आखडता तेल. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, पुरी. हळद-तिखटाचं आमच्या भरितात काम नाही, ते हिरवं-पांढरंच दिसायला हवं. वांगंही जांभळं चालत नाही. हिरवं, पांढऱ्या रेषांचं, लांबट, एकेक पाव ते अर्धा किलोचं, पातळ सालीचं आणि कमी बियांचं. पुण्यातल्या जांभळ्या वांग्याचं भरीत होतं, वाईटही होत नाही, पण ते आमचं नव्हे.

लग्नानंतर पुण्यात पहिला डिसेंबर आला आणि मला घरची आठवण नाकातून यायला लागली. आईला फोन केला. तिने रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत पोतं टाकलं, यांनी पहाटे निगडीला जाऊन उतरवून घेतलं. वीस किलो! घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. मग काय, यांच्या कंपनीतले मित्र, शेजारपाजारचे, खालच्या मजल्यावरचे कोकणातले काका-काकू, सगळ्यांना रविवारी बोलावलं. काकूंनी आधी "आम्ही तेल कमी खातो" म्हणून सांगितलं आणि मग तिसऱ्यांदा वाढून घेतलं. पुढच्या वर्षी लोक आपणहून विचारू लागले, वांगी कधी येणार? बारा जणांचे चाळीस झाले. गच्चीवर भाजायचो. एका वर्षी सोसायटीच्या फळ्यावर नोटीस लागली, गच्चीवर जाळ करू नये. ज्यांच्या गॅलरीत धूर गेला होता ते आदल्याच रविवारी आमच्या पंगतीला होते. पण नोटीस चुकीची नव्हती, मीही त्यांच्या जागी असते तर चिडलेच असते.

मग गॅसवर भाजून पाहिलं. वांगं शिजतं, सालही सुटते, पण धुराचा वास आत उतरत नाही. बरेच जण वरून निखारा ठेवून धूर देतात. मला तो प्रकार आवडत नाही. वासाला वेगळं आणि चवीला वेगळं लागतं. शेवटी यांच्या एका मित्राने मोशीजवळची त्याची मोकळी जागा वापरायला दिली. आज तिथेच आमची पत्र्याची शेड आहे, भाड्याने. तुराट्या गावाकडूनच येतात, टेम्पोत वांग्यांच्या खाली.

२०११ मध्ये यांच्या एका सहकाऱ्याने मुलाच्या वाढदिवसाला साठ माणसांचं भरीत-पुरी सांगितलं. "वहिनी, पैसे घेणार असाल तरच," अशी अट घातली. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "माय वं, जेवू घालायचे पैसे घेशील?" मला दोन रात्री झोप नाही. शेवटी ताटाला ८० रुपये सांगितले, आणि तेही असे सांगितले की जणू माझ्याकडूनच काही चूक झाली आहे. ४८०० रुपये हातात आले. वांगी, तेल, ज्वारी-उडीद, बाहेरून आणलेली जिलेबी, भाड्याची भांडी, ट्रॅव्हल्सचं पार्सल असं सगळं वजा करून ४५० उरले. मी खूश होते. यांनी डायरीत आकडे मांडले आणि विचारलं, शेजारच्या दोघी दोन दिवस येऊन पुऱ्या लाटत होत्या, त्यांचं काय? त्यांच्या हातावर काही ठेवायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. माझी मजुरी तर धरलीच नव्हती. म्हणजे तो व्यवसाय नव्हता, फक्त पाहुण्यांनी सामानाची वर्गणी काढली होती.

त्या दोघी आजही माझ्याबरोबर आहेत. पहिले ४५० त्यांनाच दिले. कमी होते, पण होते तेवढे दिले.

खरी परीक्षा मात्र पैशांची नव्हती, मापाची होती. माझा सगळा स्वयंपाक अंदाजाने. मुठीने मीठ, डोळ्याने तेल. पाच किलो वांग्यांना पाव किलो मिरची लागते, तर वीस किलोला एक किलो, हे गणित शाळेत बरोबर आहे, कढईत नाही. दुसऱ्याच ऑर्डरला लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. बरं, सगळी वांगी सारखी नसतात. हंगामाच्या सुरुवातीची पाणीदार, भाजल्यावर निम्मी होतात. जानेवारीतली भरदार, किलोला सहाशे ग्रॅमच्या वर गर देतात. म्हणजे कच्च्या वांग्याच्या वजनावर मीठ धरलं की एकदा अळणी, एकदा खारट. हे कळायला मला दोन हंगाम लागले. आता वांगी भाजून, सोलून, पाणी निथळून झालं की आधी गर काट्यावर जातो. मग किलोला १४ ग्रॅम मीठ, ६० ग्रॅम मिरची, ४० ग्रॅम लसूण. सासूबाई काट्याकडे पाहून म्हणायच्या, "सोनं मोजतेस का?" पण चव त्यांच्याच हातची, हे त्यांनाही मान्य होतं. त्यांच्याकडूनच चिमटी घेऊन मी ती काट्यावर ठेवली होती.

एक काट्याने न सुटणारी गोष्टही शिकले, तीही ठेच लागून. २०१४ मध्ये एका कार्यक्रमाला सकाळी नऊला भरीत डब्यांत भरून दिलं. गरम गरम, वर पात आणि कोथिंबीर, घट्ट झाकण. दुपारी दोनला डबे उघडले तर आंबूस वास. फोन आला तेव्हा मी पुऱ्यांचं पीठ आवरत होते. सत्तर माणसांनी पुऱ्या नुसत्या शेंगदाण्याच्या चटणीशी खाल्ल्या. पैसे परत केले, पण त्या बाई पुन्हा कधी बोलल्या नाहीत. मोठ्या डब्याच्या पोटात भरीत तासन् तास कोमट राहतं, आणि कच्च्या पातीला पाणी सुटतं. तेव्हापासून भरीत आधी परातीत पसरून पूर्ण गार करतो, उथळ डब्यांत भरतो, पात वेगळी बांधून देतो. चार तासांच्या आत संपवा, असं डब्यावर लिहितो. कुणी "उद्या सकाळी खाल्लं तर?" विचारलं तर मी सरळ नाही म्हणते.

२०१५ ला अन्नसुरक्षेची नोंदणी केली. वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असली की नोंदणीवर भागत होतं, फी वर्षाला १०० रुपये. तो १४ आकडी नंबर पहिल्यांदा लेबलवर छापला तेव्हा मी ते लेबल आईला पाठवलं. तिने देवघरात ठेवलं. २०१६ मध्ये जळगावच्या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि गिऱ्हाईक विचारायला लागलं, तुमचं वांगं खरं ना? मी त्यांना अख्खं वांगं दाखवते, देठासकट. मात्र हेही सांगते की मानांकन वांग्याला आहे, माझ्या हाताला नाही.

हंगाम तीन-साडेतीन महिन्यांचा. बाकीचं वर्ष आम्हाला कळण्याच्या पिठाने आणि बिबड्यांनी, म्हणजे ज्वारीच्या पापडांनी, चालवलं. याचं श्रेय टाळेबंदीला द्यावं लागेल. २०२० च्या उन्हाळ्यात ऑर्डरी शून्य, पण लोक घरात आणि भाकरी थापायला वेळच वेळ. आम्ही ज्वारी आणि सालीसकट उडीद, चारास एक, मीठ घालून दळलेलं पीठ सोसायट्यांमध्ये द्यायला लागलो. बिबड्या गावी माझ्या जावा करतात. ज्वारी भिजवायची, भरडायची, लसूण-मिरची-तीळ घालून मोठ्या पातेल्यात शिजवायची आणि चैत्र-वैशाखाच्या उन्हात ओल्या कापडावर थापायची. हे काम पुण्याच्या उन्हात होत नाही, मी करून पाहिलंय. मे महिन्यात भरीत मागणारे फोनही येतात. शीतगृहातली वांगी मिळतात, असंही सुचवतात. मी त्यांना बिबड्या विकते.

आता आम्ही सहा जणी आहोत. एका घाण्याला ४० किलो वांगी, त्याच्या वर नाही. त्यापुढे ठेचणारा हात थकतो आणि मग भरिताची पेस्ट होते. मिक्सर आणा, असं मुलगा दरवर्षी सांगतो.

त्यानेच खर्चाचा तक्ता संगणकावर मांडून दिलाय. यंदा सीए मॅडमनी तो पाहून विचारलं, दर घाण्याला दोन किलो भरीत कमी भरतंय, जातं कुठे? मी म्हटलं, वॉचमन, भाजीवाली, खालचे काका, टेम्पोवाला, आणि त्या दिवशी जो येईल तो. त्या म्हणाल्या, मग याला नाव काय द्यायचं? बराच वेळ विचार करून त्यांनी 'घट' लिहिलं. पुढच्या रविवारी त्या स्वतःच डबा घेऊन आल्या.