इंदूरचा तक्ता: दोन लाल रकाने, अकरा हजारांची फट आणि नोटा

इंदूर लोकसभा मतदारसंघाच्या निकालांचा तक्ता 1952 ते 2024 असा सलग भरून झाला. अठरा सार्वत्रिक निवडणुका आणि 1972 ची एक पोटनिवडणूक. विजेता, पक्ष आणि चिन्ह हे रकाने पूर्ण आहेत. मतांचं बारीक गणित मात्र मी 2009 पासून पुढचंच केलंय, कारण 2008 च्या पुनर्रचनेनंतर हद्दी बदलल्या नाहीत आणि आकड्याशेजारी आकडा निर्धास्त ठेवता येतो. आज मतदारसंघात आठ विधानसभा क्षेत्रं येतात: इंदूर 1 ते 5, राऊ, सांवेर आणि देपालपूर. महू जिल्ह्यानं इंदूरचं, पण लोकसभेला धारमध्ये. नव्यानं तक्ता करणाऱ्यांची इथे हमखास गल्लत होते. जिल्ह्याचे नऊ आमदार बघून नऊ ओळी आखल्या जातात.

इंदूरच का, असं काहींनी विचारलं होतं. आपल्याकडे पुणे, नागपूर, ठाणे यांचे तक्ते करत भरपूर लोक बसलेत. इंदूरबद्दल मात्र सगळ्यांचं ठरलेलं असतं: व्यापाऱ्यांचं शहर, माळव्यात संघाचं जुनं जाळं, भाजपचे माजी अध्यक्ष कुशाभाऊ ठाकरे शेजारच्या धारचे, सुमित्राताई महाजन सलग आठ वेळा निवडून आलेल्या, भाजपचा बालेकिल्ला आहे, त्यात मोजायचं काय? तक्ता भरल्यावर मला वाटतं, मोजण्यासारखं बरंच आहे. हा बालेकिल्ला मूळचा नाही. त्याला बांधकामाची तारीख आहे, आणि त्याआधी त्या जागेवर भलतंच काहीतरी उभं होतं.

आधी जुनी पानं. 1952 चा निकाल शोधायला मध्य प्रदेशाच्या यादीत जाऊ नका, इंदूर तेव्हा मध्यभारत राज्यात होतं. मध्य प्रदेशात ते 1 नोव्हेंबर 1956 ला आलं. पहिल्या दोन निवडणुका काँग्रेसच्या: नंदलाल जोशी, मग कन्हैयालाल खादीवाला. दोन्ही वेळा बैलजोडी. यात विशेष काही नाही, त्या काळी बहुतेक ठिकाणी हेच.

गंमत 1962 पासून. विजेता होमी दाजी, पक्ष अपक्ष. निवडणूक आयोगाच्या अहवालात नुसतं ‘अपक्ष’ दिसतं, म्हणून रंग भरताना राखाडी भरून पुढे जायचा मोह होतो. पण दाजी म्हणजे कम्युनिस्ट. मुंबईत जन्मलेला पारशी वकील, इंदूरच्या गिरण्यांच्या फाटकावर सभा घेणारा कामगार पुढारी. चीन युद्धाच्या वर्षी या शहरानं दिल्लीला कम्युनिस्ट पाठवला. (युद्ध ऑक्टोबरमधलं आणि मतदान फेब्रुवारीतलं, हे खरं. तरीही.) मी तो रकाना लाल केलाय आणि शेजारी टीप टाकलीय.

मग प्रकाशचंद्र सेठींचा काळ: 1967, 1971, 1980, 1984. मध्ये 1972 ला ते मुख्यमंत्री झाले, जागा रिकामी झाली आणि पोटनिवडणुकीत काँग्रेसचे रामसिंहभाई वर्मा आले. हेही गिरणी कामगारांचेच पुढारी, फक्त इंटकचे, म्हणजे काँग्रेसच्या कामगार संघटनेचे. म्हणजे काँग्रेस असो वा काँग्रेसविरोधक, इंदुरात लोकसभेची वाट गिरणीच्या भोंग्याखालून जात होती. मालवा मिल, हुकुमचंद, राजकुमार, स्वदेशी, कल्याणमल: ही नुसती कारखान्यांची नावं नव्हेत, मतांचे गठ्ठे होते.

दुसरा लाल रकाना 1977. इथे अहवालात जनता पक्ष शोधाल तर सापडणार नाही. उमेदवार भारतीय लोकदलाच्या चिन्हावर, चक्रातल्या नांगरधारी शेतकऱ्यावर लढले होते आणि नोंदही त्याच नावानं आहे. मध्य प्रदेशात त्या वर्षी काँग्रेसला 40 पैकी एकटं छिंदवाडा राखता आलं, तेव्हा इंदूर गेलं यात नवल नाही. नवल निवडून कोण आलं याचं. जनता पक्षात जनसंघ (भाजपचा पूर्वावतार) होता, मध्य प्रदेशात तर तोच जोरात होता. पण इंदूरचे खासदार झाले कल्याण जैन, लोहियांच्या पठडीतले समाजवादी.

म्हणजे 1989 पर्यंतच्या सदतीस वर्षांत इंदूरनं काँग्रेसला दोनदाच नाकारलं, आणि दोन्ही वेळा डावीकडे वळून. जनसंघाची पणती (त्याचं निवडणूक चिन्ह) लोकसभेला इथे एकदाही पेटली नाही. बालेकिल्ला म्हणणाऱ्यांना मी आता हा तुकडा कापून पाठवतो.

1989. सुमित्रा महाजन विरुद्ध सेठी. एका बाजूला माजी मुख्यमंत्री, माजी केंद्रीय गृहमंत्री. दुसऱ्या बाजूला चिपळूणला जन्मलेल्या, लग्न होऊन इंदूरला आलेल्या, उपमहापौरपद केलेल्या आणि 1985 ची विधानसभा हरलेल्या बाई. ताई लाखावर मतांनी जिंकल्या. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. त्या वर्षी बोफोर्स होतं, भाजपला मध्य प्रदेशात 27 जागा मिळाल्या, लाटेत बरेच तरले. खरी कसोटी 1991. राज्यात पारडं बरोबर उलटं झालं, काँग्रेस 27 आणि भाजप 12. लाटेवर आलेली जागा असती तर लाटेबरोबर परत गेली असती. इंदूर गेलं नाही.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात हुकुमचंद मिल बंद पडली. या दोन गोष्टींचा संबंध लावताना मी जपून चालतो, कारण क्रम उलटा आहे: ताई आधी जिंकल्या, मिल नंतर बंद झाली. त्यामुळे ‘गिरण्या बंद पडल्या म्हणून शहर उजवीकडे गेलं’ हे विधान तक्त्यात बसत नाही. माझं वाचन वेगळं आहे. 1989 ची हार काँग्रेसला 1962 किंवा 1977 सारखीच भरून काढता आली असती. दोन्ही वेळा पुढच्याच निवडणुकीत तिनं जागा परत घेतली होती. यावेळी परत घ्यायला लागणारी यंत्रणा, म्हणजे इंटक, गिरणीतला मुकादम, पाळी सुटल्यावरची सभा, एकेक करून मोडीत निघत होती. गिरण्यांनी काँग्रेसला पाडलं नाही, पुन्हा उठू दिलं नाही. नंदानगर-परदेशीपुऱ्याचा कामगार पट्टा ज्या इंदूर-2 मध्ये येतो, तिथे 1993 ला कैलाश विजयवर्गीय आले आणि आज ती भाजपची राज्यातल्या सर्वात सुरक्षित जागांपैकी एक आहे. 2023 ला रमेश मेंदोलांचं मताधिक्य लाखाच्या वर होतं. हुकुमचंदच्या कामगारांना थकबाकी मिळायला डिसेंबर 2023 उजाडला: 224 कोटी रुपये, सुमारे 4,800 कामगार. गिरण्या गेल्या, पण अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या नावानं निघणाऱ्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, अजून निघतात. इंदूरला कधी जाणार असाल तर तारीख बघून जा.

1996, 1998, 1999, 2004 या ओळी भराभर भरल्या. ताई, ताई, ताई, ताई. त्यातल्या 1999 ला हरलेले महेश जोशी म्हणजे 1985 च्या विधानसभेला ताईंना हरवणारेच. या काळात दहा वर्षं राज्यात दिग्विजय सिंहांचं सरकार होतं, तरी फरक नाही.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो, कारण महाराष्ट्रातून हा प्रश्न दर वेळी येतो: ताई मराठी मतांवर निवडून येत होत्या का? होळकरांच्या शहरात मराठी वस्ती जुनी आहे, मान्य. पण मराठी मतांवर एखादवेळी उमेदवारी पदरात पडेल, आठ निवडणुका नाही. आणि 2019 ला वयाच्या मुद्द्यावरून ताई बाजूला झाल्यावर सिंधी समाजाचे शंकर लालवानी उभे राहिले नि त्यांना ताईंहून जास्त मतं पडली. माझ्या मते विषय तिथेच मिटतो.

आता सगळ्यात जास्त वेळ खाल्लेली जागा, 2009 ते 2019. आकडे आधी देतो.

2009: भाजप 3,88,662, काँग्रेस 3,77,182. फरक 11,480.
2014: भाजप 8,54,972, काँग्रेस 3,88,071. फरक 4,66,901.
2019: भाजप 10,68,569, काँग्रेस 5,20,815. फरक 5,47,754.

2009 ला काय झालं होतं हे नकाशावर बघा. उज्जैन, देवास, धार, रतलाम, मंदसौर, खंडवा, सगळीकडे काँग्रेस. इंदूर मधोमध अडकलेलं, आणि वाचलं ते अकरा हजारांनी. काँग्रेसचे सत्यनारायण पटेल दारापर्यंत आले होते. या एका ओळीवर थांबलो असतो तर बालेकिल्ला ढासळतोय असं छातीठोक लिहिलं असतं, आणि त्या वेळी तसं लिहिणारे होतेही.

पाच वर्षांनी तेच दोन उमेदवार. त्याच ताई, तेच पटेल. अभ्यासाला याहून चांगली जोडी मिळत नाही. लोक म्हणतात, मोदी लाटेत काँग्रेसची मतं पळाली. पण बेरीज करा: काँग्रेसची मतं कमी झालीच नाहीत, 10,889 नं वाढली. 2009 ला ताई जेवढ्या मतांवर जिंकल्या होत्या, जवळपास तेवढीच मतं घेऊन 2014 ला पटेल साडेचार लाखांनी हरले. दोन्ही पक्षांची मिळून 4,77,199 मतं वाढली आणि त्यातली 4,66,310 भाजपकडे गेली, म्हणजे शंभरातली जवळजवळ अठ्ठ्याण्णव. मतदान निम्म्याच्या आसपास होतं ते साठीच्या पुढे गेलं. जुना काँग्रेसवाला हलला की नाही, हे निव्वळ बेरजेवरून ठरत नाही. काही इकडचे तिकडे गेले असतील, त्यांची जागा दुसऱ्यांनी भरली असेल. पण 2009 ला घरी बसलेलं शहर 2014 ला बाहेर पडलं आणि बाहेर पडून एकाच बाजूला गेलं, एवढं तर आकडे सरळ सांगतात.

2019 चं उलट आहे. मताधिक्य वाढलं म्हणून बातम्यांत विक्रमी विजय. मी दोन पक्षांपुरती टक्केवारी काढली: 2014 ला भाजप 68.8, 2019 ला 67.2. मताधिक्य 81 हजारांनी वाढलं आणि वाटा दीड टक्क्यानं घटला. वाढलेल्या मतांपैकी अडतीस टक्के काँग्रेसच्या पंकज संघवींनी घेतली. म्हणून पुन्हा सांगतो, मताधिक्याच्या रकान्याशेजारी टक्क्यांचा रकाना ठेवाच. मतदारयादी फुगली की मताधिक्य आपोआप फुगतं.

यात अजून एक पदर आहे. 2018 च्या विधानसभेला लोकसभेच्या या आठ क्षेत्रांत चार भाजप, चार काँग्रेस असा निकाल होता. काँग्रेसकडे इंदूर-1, राऊ, सांवेर आणि देपालपूर. पाच-सहा महिन्यांत त्याच मतदारांनी लोकसभेला साडेपाच लाखांचा फरक पाडला. इंदूर-4 ला भाजपवाले अयोध्या म्हणतात, तिथे 1990 पासून दुसरं कोणी नाही. पण शहराच्या कडेचा मतदार दोन निवडणुकांत दोन वेगळ्या माणसांसारखा वागतो. 2023 ला मात्र जिल्ह्यातल्या नऊच्या नऊ जागा भाजपला गेल्या.

आणि 2024. या ओळीनं माझ्या तक्त्याची रचनाच मोडली, कारण उपविजेत्याच्या रकान्यात काय लिहायचं? काँग्रेसचे अक्षय कांती बम यांनी 29 एप्रिलला, म्हणजे माघारीच्या शेवटच्या दिवशी, अर्ज मागे घेतला आणि ते भाजपमध्ये गेले. काँग्रेसनं मतदारांना नोटा, म्हणजे ‘यांपैकी कोणीही नाही’ हे बटण, दाबायला सांगितलं. 13 मे ला मतदान. लालवानी 12,26,751. बसपचे संजय सोळंकी 51,659. नोटा 2,18,674. अधिकृत मताधिक्य 11,75,092.

नोटाला 2019 ला इथे 5,045 मतं होती. देशातला आधीचा उच्चांक बिहारच्या गोपालगंजचा, 2019 मधला, 51,660. तो आकडा आणि सोळंकींची मतं शेजारी ठेवा: एका मताचा फरक. याला काही अर्थ नाही, पण असं काही सापडलं की रात्र सार्थकी लागते.

नोटाचा वाटा 14 टक्के. नोटा उमेदवार असता तर अनामत जप्त झाली असती, कारण ती वाचवायला एक षष्ठांश मतं लागतात. तरी मला हा आकडा मोठा वाटतो. त्याच निवडणुकीत सुरतेला विरोधात उमेदवारच उरले नाहीत आणि जागा बिनविरोध गेली; इंदूरच्या मतदाराला निदान बटण मिळालं. खुद्द ताईंनीही त्या माघारीबद्दल जाहीरपणे आश्चर्य व्यक्त केलं होतं. 2019 च्या काँग्रेस मतदारांची संख्या धरली तर नोटा त्याच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास येते. बाकीचे घरी बसले की लालवानींकडे गेले, हे बूथवार बघितल्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही.

मी ओळ अशी भरलीय: उपविजेता सोळंकी, कायद्याप्रमाणे. नोटाला वेगळा रकाना, 2014 पासून. आणि 2024 चं मताधिक्य आलेखात घेतलेलं नाही. घेतलं तर मागचे सगळे खांब बुटके दिसतात आणि 2009 चा तर दिसेनासाच होतो. काहींना हे पटणार नाही, पण प्रमुख विरोधकाशिवायचा निकाल आणि बाकीचे निकाल एका मोजपट्टीवर ठेवायचे नाहीत, हा माझा नियम आहे.

पुढचं काम फॉर्म 20, म्हणजे बूथवार मतांचा अधिकृत तक्ता. इंदूर-1, राऊ आणि सांवेरचे 2019 चे काँग्रेसचे बूथ आणि 2024 चे नोटाचे बूथ जुळवून बघायचेत. त्यानंतर भोपाळचा तक्ता घेणार आहे. तिथेही भाजप 1989 पासून सलग आहे, त्यामुळे दोन्ही शहरं एकाच पिशवीत टाकली जातात. पण भोपाळनं 1967 लाच जनसंघाचे जगन्नाथराव जोशी निवडून दिले होते, गोव्याच्या सत्याग्रहातले तेच जोशी. म्हणजे भोपाळला पणती बावीस वर्षं आधी पेटली होती आणि इंदूरला नाही. दोन्ही तक्ते शेजारी ठेवल्यावर गिरण्यांबद्दलचं माझं म्हणणं टिकतं की नाही ते कळेल. भोपाळचे 1967 आणि 1971 चे आकडे ज्यांनी आधीच उतरवलेत, त्यांनी आपली शीट पाठवली तर माझी नजर थोडी वाचेल.