मुंढा बसला पाहिजे

"पाठीचे फोटो काढता का हो तुम्ही? नुसत्या पाठीचे?" फोनवरच्या बाईंचा पहिला प्रश्न हा होता.

मी बूद्वार फोटोग्राफी करते. म्हणजे बाईनं स्वतःच्या मर्जीनं, बंद दाराआड, हव्या त्या कपड्यांत किंवा कमी कपड्यांत काढून घेतलेले फोटो. पुण्यात आता हे नवीन राहिलेलं नाही, पण मोठ्यानं अजून कुणी बोलत नाही. बहुतेक फोन 'माझ्या एका मैत्रिणीला विचारायचं होतं' असेच सुरू होतात. या बाईंनी मैत्रीण मध्ये आणली नाही. पेठेत ब्लाउज शिवतात, लग्नाच्या आधीपासून मशीनवर बसतात, वय पन्नाशीच्या पुढं. सगळं एका दमात सांगितलं आणि कारणही सांगून टाकलं.

"गिऱ्हाईक विचारतं, ताई, मोठा गळा मला बरा दिसेल का? मी म्हणते, दिसेल. तर म्हणतात, तुम्ही शिलाईसाठी म्हणताय. कॅटलॉग दाखवावा तर त्यात पंचविशीच्या काटकुळ्या पोरी. त्यांना काय, गोणपाट गुंडाळलं तरी शोभेल. मला माझी पाठ हवीय भिंतीवर. पडद्याच्या आत, माप घेते तिथं."

मी तारीख देऊन टाकली. पैशांची घासाघीस त्यांनी केलीच. शेवटी निम्मे रोख आणि उरलेल्याचं एक ब्लाउज, अस्तरासकट, असं ठरलं.

शूटआधी मी प्रत्येकीला काही प्रश्न पाठवते. दिवसभर हात काय करतात, कोणत्या कपड्यात मोकळं वाटतं, आरशात आधी काय बघता, फोटो कोण कोण बघणार. उत्तरांऐवजी बऱ्याचदा स्क्रीनशॉट येतात: पांढरी लेस, सॅटिनचा गाऊन, चुरगळलेली चादर, केसांत हात. पोरी वेगवेगळ्या, स्क्रीनशॉट तोच. नाही म्हणवत नाही, म्हणून स्टुडिओत तसल्या कपड्यांचा एक रॅकही ठेवलाय.

ताई आल्या त्या थेट त्या रॅकपाशीच गेल्या. लेसचा एक गाऊन उलटा केला, शिवण बोटांनी ताणून बघितली. "आत माया किती सोडलीय बघा. पाव इंच. कुणी जरा अंगानं भरलेली आली की टर्रकन उसवणार. कितीला घेतला?" मी सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, गाऊन जागेवर अडकवला आणि जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून आणलेली आपली ब्लाउजं सोडली. त्यांत एक चिंतामणी रंगाच्या खणाचं होतं, लाल काठ, खोल पाठ, खाली नाडी. स्वतःसाठी शिवलेलं, एकदाही न घातलेलं.

स्टुडिओत कोण कोण असणार, असं त्यांनी विचारलं. मी आणि माझी असिस्टंट पोरगी, बस्स. मग घाबरलेल्या बायकांना सांगते ती गोष्ट मी त्यांनाही सांगितली, त्या घाबरलेल्या नसताना. छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये हैदराबादेत खास स्त्रियांसाठी झनाना स्टुडिओ काढला होता. उंच भिंती, आत सगळ्या बायकाच, आणि कारभार केनी-लेव्हिक नावाच्या एका इंग्रज बाईकडे.

"बरोबरच आहे," ताई म्हणाल्या. "पुरुष टेलरकडं कितीतरी बायका अंगावर माप देतच नाहीत. मापाचं ब्लाउज देतात. ते ब्लाउज कधीचं, तर बाळंतपणाआधीचं. मग फिटिंग बसत नाही म्हणून टेलरच्या नावानं शंख."

मला एकदम माझे स्क्रीनशॉट आठवले. तीही दुसऱ्या कुणाच्या तरी अंगाची मापाची ब्लाउजंच की.

पहिला तास प्रकाशात गेला. माणसाच्या पाठीला कॅमेऱ्याच्या बाजूनं मोठ्या सॉफ्टबॉक्सचा, म्हणजे पांढरं कापड लावलेल्या दिव्याच्या पेटीचा, मऊ उजेड दिला, की त्वचा गुळगुळीत दिसते, वळ्या विरतात. बहुतेकींना हेच हवं असतं. पण त्याच उजेडात खण मेला. त्याची वीण, ते बारीक नक्षीचे ठिपके, काठाची चमक, सगळं सपाट. खणाला उजेड बाजूनं, कापडाला घासून जाणारा लागतो. मी सॉफ्टबॉक्स बंद करून खिडकीचा पडदा सरकवला, पलीकडं काळं कापड लावलं. खण जिवंत झाला. आणि त्याबरोबर बगलेजवळची वळी, मानेवरचा काळसरपणा, घामोळ्यांचे जुने डाग, ब्राच्या पट्ट्याचा वर्षानुवर्षांचा चर, हेही सगळं उठून आलं. विणीवर इंद्रधनुष्यी पट्टेही उमटायला लागले. बारीक वीण आणि डिजिटल सेन्सर यांचं जमत नाही तेव्हा होतं ते. दोन पावलं मागं सरकल्यावर गेलं. ८५ एमएमची लेन्स होतीच, तिला लांबून काढलेलंच बरं. जवळ जाऊन काढलं तर कॅमेऱ्याकडचा दंड उगाच आडवा दिसतो.

दोन्ही फोटो लॅपटॉपवर शेजारी लावले. ताईंनी चष्मा नाकावर ओढला आणि स्क्रीनवरून मुंढ्याच्या, म्हणजे बाही जोडतात त्या गोलाईच्या, कडेनं बोट फिरवत नेलं.

"हा दुसरा."

"अहो ताई, पण यात ही वळी..."

"असू दे की. वळी आहे म्हणून तर इथं कापड जरा वर घेतलंय, मांस बाहेर येऊ नये म्हणून. आणि गळा मोठा आहे म्हणून शोल्डर कमी केलाय, नाहीतर घसरतं. तू वळी पुसलीस तर मी काय केलंय ते कुणाला दिसणारच नाही. मुंढा बसलाय की नाही ते बघ."

तोवर 'मॅडम' म्हणत होत्या, तिथून मी 'तू' झाले. रिटचिंगवर, म्हणजे फोटोतलं नको ते नंतर पुसण्यावर, आजवर ज्या काही चर्चा ऐकल्यात, त्यांत शिवणकामातून आलेलं कारण मी पहिल्यांदा ऐकलं, आणि ते मला इतर सगळ्या कारणांपेक्षा पटलं. आत्मसन्मान वगैरे शब्द त्यात कुठंच नव्हते.

प्रकाश जमला तरी पाठ जमेना. कॅमेऱ्याकडं पाठ करून ताई उभ्या राहिल्या की खांदे कानांपर्यंत. सैल सोडा म्हटलं की आणखी वर. मान वळवा, हात वर घ्या, सगळं करून झालं. शेवटी चहा मागवला. चहा पिता पिता त्यांचं लक्ष असिस्टंटच्या कुर्त्याकडं गेलं. "अगं, बाही उचलतेय बघ तुझी. ये इकडं." पिशवीतून टेप निघाला, गळ्यात पडला, टाचण्या ओठांत गेल्या आणि त्या पोरीचा मुंढा त्या जागेवरच टाचायला लागल्या. उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली, कात्रीचा हात. दोन्ही हात वर गेले तसा पाठीचा कणा लांबला, नाडीची गाठ खाली डुलायला लागली, आणि मघाशी दगड झालेली ती पाठ कामाला लागली. मी न विचारता शटर दाबायला सुरुवात केली. आवाज ऐकून त्या टाचण्यांतूनच म्हणाल्या, "काढ, काढ." फ्रेममध्ये पोरीची फक्त बाही आलीय.

भिंतीवरचा फोटो त्यातलाच.

ते झाल्यावर मला वाटलं, आवरायचं. ताई बसूनच राहिल्या. "आता माझे काढ. भिंतीवरचे नाही. मला पालथं पडायचंय. दिवसभर वाकून बसते, नुसतं पालथं पडायला मिळत नाही गं." सतरंजी टाकली, केस सोडले, परकरावर त्या पालथ्या पडल्या. ते फोटो त्यांचे आहेत, त्यांचं वर्णन इथं करणार नाही. इतकंच सांगते, की एकाही स्क्रीनशॉटमध्ये मी तशी पोज पाहिलेली नाही. (हा मजकूर त्यांना वाचून दाखवलाय. एक वाक्य त्यांनी काढायला लावलं, काढलं.)

निवड करायला आल्या तेव्हा आधी कागद पुढं केले. फोटो काढायला होकार दिला म्हणजे तो दाखवायलाही दिला, असं होत नाही. अशा खासगी फोटोंच्या बाबतीत भारतीय न्याय संहितेचं ७७ वं कलम हे स्पष्ट सांगतं. त्यामुळं कुठला फोटो कुठं जाणार, हे मी प्रत्येक फोटोपुढं लिहून घेते. पाठीचा: माप घेण्याच्या जागेत, चेहरा नाही. बाकीचे: कुठंही नाहीत, पेनड्राइव्हवर त्यांच्याकडं. पडद्याआड कुणी मोबाईलवर काढला तर, हा माझा प्रश्न त्यांनी उडवून लावला. "आत मोबाईल नेऊच देत नाही मी. आजची का आहे दुकानात?"

एडिटिंगमध्ये काही हवंय का, विचारलं. पुटकुळी आठवड्यात जाणारी असेल तर मी काढते. अंगावर कायमचं आहे त्याला हात लावत नाही. ताईंनी फोटो मोठा करायला लावला, आणखी मोठा, आणि काठापाशी बोट ठेवलं. तिथं एक दोरा लोंबत होता. "हा काढ. हा राहिला तर माझी अब्रू जाईल."

बारा बाय अठराची प्रिंट, मॅट कागदावर. चकचकीत कागद घेतला असता तर त्या एवढ्याशा जागेत ट्यूबलाइटच दिसली असती. लावायला मीच गेले. खिळा ठोकून होतोय तोच एक बाई माप द्यायला आत आल्या. फोटोसमोर थांबल्या. "कुणाचं हो हे?"

"आहे एक गिऱ्हाईक," ताई टेप उलगडत म्हणाल्या.

"गळा असाच घ्या मग माझा. पण नाडी नको."

ताईंनी वहीत लिहून घेतलं आणि माझ्याकडं बघून डोळा मिचकावला. माझं माप त्यांनी त्याच दिवशी घेतलं, अंगावर, नीट. गौरी-गणपतीला देणार होत्या, मग दसऱ्याला. परवा फोन केला तर म्हणाल्या, झालंच आहे, फक्त हुक लावायचे राहिलेत.