अठ्ठेचाळीस गळ्यांचा 'आ' आणि कापसाची खोली

'आय ॲम नॉट इन लव्ह' ऐकताना इलेक्ट्रिक पियानोच्या मागे जो 'आऽऽ' भरून राहतो, तो कोणत्याही यंत्रातून काढलेला नाही. १९७५ साली आलेलं हे गाणं इंग्लंडात, स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत झालं. टेन सीसी (10cc) या बँडच्या तिघांनी एकेक स्वर सोळा वेळा गायला, म्हणजे एका स्वराला अठ्ठेचाळीस आवाज. सप्तकातले कोमल-तीव्र सगळे स्वर असेच भरले. मग प्रत्येक स्वराच्या टेपची टोकं जोडून लांब वेटोळं (लूप) केलं. जोड टेप वाचणाऱ्या हेडवरून गेला की बारीक 'टक' येतो. वेटोळं लांब असलं की तो उशिरा येतो. शेवटी हे सगळे स्वर एकदम चालू ठेवून मिक्सरचे फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्ट्या) वर-खाली केले आणि कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, वाजवले. मिक्सरच वाद्य झाला!

गाणं इंग्लंडात दोन आठवडे पहिलं होतं. अमेरिकेत तीन आठवडे दुसऱ्या क्रमांकावर अडकलं, आणि दर आठवड्याला वर बसलेलं गाणं वेगळं होतं.

हे काम आपल्या गावातही होऊ शकतं. खंजिरी भजनाची मंडळं विदर्भात गावोगाव आहेत आणि एकसुरात गायची सवय असलेले तीन गळे तिथे हमखास मिळतात. त्यांना एकच गोष्ट सोडायला सांगावी लागते: जोर. भजनात आवाज मंडपाच्या टोकापर्यंत फेकायचा असतो, इथे तो माइकपासून दीड हातावर, कुजबुजीच्या जरा वर हवा. मुरकी नाही, कंप नाही.

स्वर पेटीवरून देऊ नका. जुनी पेटी बहुतेकदा थोडी उतरलेली किंवा चढलेली असते आणि नंतर कीबोर्डशी जुळत नाही. कीबोर्डचाच स्वर एका कानात हेडफोनने द्या.

बारा स्वर, प्रत्येकी सोळा वेळा, म्हणजे १९२ टेक (रेकॉर्डिंगच्या फेऱ्या). सहा सेकंदांचा एक धरला तर प्रत्यक्ष गाणं वीस मिनिटांचंही नाही, पण चार स्वरांनंतर गळा थकतो आणि सूर उतरू लागतो. तीन संध्याकाळी ठेवा. एकच चांगला टेक सोळा वेळा चिकटवण्याचा मोह होतो. त्याने आवाज फक्त मोठा होतो, दाट होत नाही. दाटपणा येतो तो दर वेळच्या किंचित वेगळ्या सुरामुळे. सोळा वेगळे टेक एकत्र केले की पातळी साधारण १२ डेसिबलने चढते, म्हणून प्रत्येक टेक कमी पातळीवरच घ्या, नाहीतर बेरीज फाटते. प्रत्येक टेकची सुरुवात आणि शेवट कापून टाका, तिथे श्वास असतो. लूपच्या जोडावर अर्ध्या सेकंदाचा क्रॉसफेड द्या, म्हणजे एक आवाज विरताना दुसरा चढवा.

जागा? बाजारभावाची वाट पाहत कापूस भरून ठेवलेली खोली. टिनाखालच्या रिकाम्या खोलीत आवाज खणखणतो, कापसाच्या ढिगाशेजारी तो कोरडा आणि मऊ येतो. डिसेंबर-जानेवारीत कापूसही घरात असतो आणि कुलरही बंद असतो. लॅपटॉप बॅटरीवर चालवा. अर्थिंग नीट नसलं की चार्जर लावताच हम्म् सुरू होतो. चार्जर, हॅलोजन असलं काहीही त्या खोलीत नकोच, कापूस पेट घ्यायला वेळ लावत नाही. लांबच्या मोटारीची घरघर राहिलीच तर १०० हर्ट्झखालचे खोल आवाज कापा.

पियानोसाठी कीबोर्डवर फेंडर रोड्स या इलेक्ट्रिक पियानोसारखा टोन निवडा आणि हलक्या बोटाने वाजवा. जोरात दाबला की तो टोन भुंकतो. मूळ गाण्यातला हृदयाच्या ठोक्यासारखा बास ड्रम मूग सिंथेसायझरवर (विजेवर आवाज घडवणारं वाद्य) काढला होता. आपल्याकडे डग्ग्यावर दुपट्याची घडी टाकून बोटाच्या गादीने मारलं की जवळचा ठोका मिळतो. फक्त तो मोबाइलच्या स्पीकरवर तपासू नका. तिथे तो ऐकूच येत नाही, आणि मग माणूस वाढवत सुटतो.